त्रेसष्ट नोंदींचा घोळ

इमाम मुलाणींच्या घरी त्या मंगळवारी दोन गोष्टी एकदम आल्या. धाकट्या अजमलच्या लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा छापखान्यातून आला, आणि त्यांची वेबसाइट एकतीस मार्चला कायमची बंद होणार असल्याचा ईमेल आला. गठ्ठा समीनाबींनी उघडला आणि ईमेल इमामभाईंनी. त्यामुळे एकाच टेबलाशी एक जण खुशीत हसत होतं आणि एक जण चष्मा काढून पुसत होतं, आणि समोरच्याला नक्की काय झालंय हे दोघांच्याही लक्षात यायला जरा वेळ लागला.

ज्याची स्वतःची वेबसाइट नाही त्याला हे दुःख कळायचं नाही. इमामभाईंची होती, आणि वीस वर्षांपासून होती. कोयनानगरला धरणाच्या पाण्याची पातळी वहीत लिहायची, ही त्यांची एकतीस वर्षांची नोकरी. दोन हजार चार साली कराडला तीन महिन्यांचा कोर्स करून त्यांनी ‘कोयना वसाहत परिवार’ ही साइट स्वतःच्या हातानं, एका बोटानं टाइप करत उभी केली. वर निळ्या पट्टीतून ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ हे शब्द उजवीकडून डावीकडे सरकायचे. खाली धरणाचा फोटो, आणि त्याखाली नोंदवही. भूकंपाचा धक्का बसला की इमामभाई त्या धक्क्याचं नवं पान काढायचे, वर तारीख आणि रिश्टर. ज्याला जाणवला त्यानं नाव, गाव आणि चार शब्द लिहायचे. शेजारच्या रकान्यात इमामभाईंनी उत्तर द्यायचं.

पुढं वसाहत रिकामी होत गेली, माणसं पाटणला, कराडला, चिपळूणला पांगली, इमामभाई साताऱ्यात फ्लॅट घेऊन राहिले, पण नोंदवही चालू राहिली. कारण कोयनेचा माणूस धक्का बसला की आधी भांडी बघतो, मग पोरं बघतो आणि मग कुणाला तरी सांगायला धावतो. आणि तो कधीही एका ओळीत सांगत नाही. ‘दूध उतू गेलं, सासूबाई म्हणाल्या भूकंपाचं निमित्त सांगू नकोस.’ ‘मी स्कूटरवर होतो, मला वाटलं पंक्चर, उतरून पाहिलं तर रस्ताच हलत होता.’ अशा एक हजार आठशे सेहेचाळीस नोंदी. हा आकडा साइटच्या तळाशी होता आणि नोंद पडली की आपोआप एकनं वाढायचा. इमामभाई रोज सकाळी नमाज झाली की वर्तमानपत्राच्या आधी तो आकडा बघायचे.

“हे सगळं जाणार आता,” इमामभाई म्हणाले.

“धुळाभावजींची पत्रिका बाजूला काढून ठेवू का?” समीनाबी म्हणाल्या.

“मी काय बोलतोय आन् तू काय बोलतीस.”

“मीबी त्येच बोलतीया.”

इथं धुळाभावजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. धुळा कोळेकर हा धरणावरचा पहारेकरी. बावीस वर्षं त्याच्या आणि इमामभाईंच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती. धक्का बसला की धुळा पलीकडून भिंतीवर दोन थापा मारायचा. त्याचा अर्थ ‘हाय का रं?’ इमामभाई अलीकडून दोन थापा मारायचे. त्याचा अर्थ ‘हाय.’ मग दोघं आपापल्या कामाला लागायचे. बावीस वर्षांत हे एकदाही चुकलं नाही, घरात पाहुणे असले तरी नाही आणि आदल्या दिवशी भांडण झालं असलं तरी नाही.

मग धुळा निवृत्त होऊन आटपाडीच्या पलीकडं आपल्या वाडीवर मेंढरांत गेला. आणि नऊ वर्षांपूर्वी इमामभाईंची थोरली, तरन्नुम, तिचं लग्न निघालं. तेव्हा इमामभाईंनी एक चूक केली. वेबसाइट नसलेल्या माणसाला ती करताच आली नसती. त्यांनी पत्रिका साइटवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘सर्वांना समक्ष भेटणे शक्य नाही, तरी हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ सगळ्यांनी तसं समजून घेतलं. धुळानं नाही घेतलं. ज्या पोरीला खांद्यावर बसवून त्यानं धरणाचे दरवाजे दाखवले, तिच्या लग्नाचं आवतण भिंतीपलीकडच्या माणसानं त्याला ‘सर्वांना’मध्ये द्यावं, हे त्याला लागलं. तो आला नाही. तो आला नाही म्हणून इमामभाईंना लागलं. दोन्ही राग अगदी एका मापाचे निघाल्यामुळे नऊ वर्षं काटा कुठंच झुकला नाही.

“बघू,” इमामभाई म्हणाले आणि पत्रिकेचा विषय तिथं संपला. समीनाबींनी एक पत्रिका फ्रीजवर, लोहचुंबकाखाली लावून ठेवली. त्यावर नाव घातलं नाही. नाव कुणाचं हे घरात दोघांनाही माहीत होतं.

साइट बुडणार ही बातमी इमारतीत पसरायला एक सकाळ पुरली. पहिले आले खालच्या मजल्यावरचे आप्पासो. महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या मते जगातली कोणतीही गोष्ट तीन प्रतींत असली की ती टिकते.

“मुलाणीसाहेब, प्रिंट काढा. प्रत्येक पान. आन् लॅमिनेशन करून घ्या.”

“दोनशे अकरा पानं हायत, आप्पासो.”

“मग कपाट घ्या.”

दुसरा सल्ला कोपऱ्यावरच्या तानाजीचा. तानाजी कॉम्प्युटर क्लास चालवतो, झेरॉक्स काढतो आणि पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, साइट चालवणाऱ्या कंपनीकडंच मागा की सगळा डेटा, तुमचा हक्क आहे. हक्क म्हटल्यावर इमामभाईंची मान ताठ झाली. त्यांनी कंपनीला नम्र पण खणखणीत पत्र लिहिलं. कंपनीनं दोन मिनिटांत उत्तर दिलं की आपलं पत्र आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. मग अकरा दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं: साइट नोंदवताना जो पत्ता दिला होता, त्या पत्त्यावर आपण राहता याचा पुरावा पाठवा.

पत्ता होता कोयनानगरच्या क्वार्टरचा. इमामभाई एस्टीनं घाट चढून गेले. कचेरीतला कारकून भला माणूस होता, त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि जुनं रजिस्टर काढून सांगितलं की ती क्वार्टरची ओळ आता पाडली आहे.

“मग मी तिथं राहत होतो असा दाखला द्या.”

“जागाच नाही साहेब. नसलेल्या जागेत तुम्ही राहता असं कसं लिहू?”

“राहत होतो असं लिहा.”

“त्यांनी ‘राहता’ मागितलंय.”

इमामभाईंना राग आला नाही. उलट बरं वाटलं. एकतीस वर्षं ते स्वतः याच कचेरीत अशीच उत्तरं देत आले होते, आणि आपल्यामागं काम चोख चाललंय हे बघून कुणालाही बरंच वाटेल. शेवटी त्या भल्या माणसानं एक दाखला दिलाच: ‘सदर क्वार्टर अस्तित्वात नसल्याने सदर व्यक्ती तेथे राहत नाही.’ गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. कंपनीनं तो दाखला नामंजूर केला. परत येताना इमामभाई पाडलेल्या ओळीपाशी उभे राहून आले होते. घाणेरीची झुडपं माजली होती, आणि मध्येच एक भिंत अजून उभी होती, कमरेइतकी. ती आपली आणि धुळाची की पलीकडच्या दोघांची हे त्यांना ठरवता आलं नाही. हे मात्र त्यांनी घरी सांगितलं नाही.

आता उरला एकच रस्ता, आणि तो पुण्याहून तरन्नुमनं फोनवर दाखवला. ती एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तिच्या आईच्या मते हा गुण बापाकडून आला.

“अब्बा, कंपनीनं डेटा देऊ दे नाहीतर न देऊ दे. पानं तर सगळ्यांना दिसतात ना? आपण पार्सर लावू.”

“म्हणजे?”

“पानात मजकूर असतो आणि त्याभोवती एचटीएमएलच्या खुणा असतात, तुम्ही घातलेल्या. पार्सर पान वाचतो, दाणे वेगळे काढतो आणि भुसा वेगळा.”

“मळणी.”

“मळणीच. पण तुम्हीच करायची. मी सांगते, तुम्ही टाइप करा.”

पुढचा एक आठवडा दुपारच्या चहानंतर टेबलाच्या एका बाजूला पत्रिकांवर नावं घालणं आणि दुसऱ्या बाजूला पार्सर असं चाललं. मशीनवर काय काय चढवावं लागलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही. एवढंच, की एक गोष्ट बसवायला आधी दुसरी लागायची, दुसरीला तिसरी, आणि तिसरी म्हणायची की पहिली जुनी झाली. चौथ्या दिवशी सगळं एकदाचं बसलं तेव्हा इमामभाईंनी समीनाबींकडून मशीनवरून दृष्ट काढून घेतली.

“आता पार्सर चालवायच्या आधी टेस्ट लिहायची, अब्बा. काय यायला पाहिजे ते आधी ठरवायचं, मग काय आलं ते बघायचं. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल.”

“बेटा, हेच मी एकतीस वर्षं केलं. फक्त आमच्याकडं लाल झालं तर खालची गावं हलवायला लागली असती.”

टेस्ट सोपी होती. नोंदी आल्या पाहिजेत एक हजार आठशे सेहेचाळीस, एक कमी नाही, एक जास्त नाही. इमामभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पार्सरनं दोनशे अकरा पानं वाचली आणि दोनशे अकरा वेळा ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ एवढंच आणून समोर ठेवलं. लाल.

ती पट्टी वगळली. पुन्हा बटण. आता प्रत्येक पानातून एकच नोंद आली, पण कशी, तर त्या पानावरची सगळी माणसं एकाच नोंदीत कोंबलेली. कुणाचं दूध, कुणाची सासू आणि कुणाचं पंक्चर, काही पत्ता नाही. तरन्नुमनं पुण्यातून पान उघडून पाहिलं.

“अब्बा, तुम्ही तक्त्याची ओळ उघडल्यावर बंद करायची खूण घातलेलीच नाही. एकाही ओळीला.”

“नवी ओळ उघडली की जुनी संपली, हे कुणालाबी कळतं. वीस वर्षं ब्राउझर काही बोलला नाही.”

“ब्राउझर सांभाळून घेतो, अब्बा. माणसाला काय म्हणायचंय ते समजून घेतो. हा पार्सर कडक आहे.”

आपल्या पोटच्या पोरीनं आपल्या हातच्या साइटमध्ये दोनशे अकरा पानांची चूक काढावी हे बापाला सोसत नाही. इमामभाई दोन दिवस मशीनकडं फिरकले नाहीत. ते शेवया वाळवायला लागले, समीनाबींच्या हातातल्या घेऊन. तिसऱ्या दिवशी तरन्नुमनं निरोप पाठवला की एक समजूतदार पार्सरपण मिळतो, तो न मिटलेल्या ओळी आपल्या आपण मिटवून घेतो. इमामभाई म्हणाले, असा होता तर हे आधी सांगायचं. तो बसवला. दूध दुधाच्या जागी गेलं, सासू सासूच्या, आणि स्कूटरवाल्याला त्याचा रस्ता मिळाला.

एवढ्यावर थांबले असते तर काम झालं असतं. पण त्या संध्याकाळी तानाजी वर आला, त्यानं तक्ता बघितला आणि म्हणाला, “सर, डेटा स्वच्छ केला का? लोक बटण दोनदा दाबत्यात. नाव, गाव आन् मजकूर सारखा असला की एकच ठेवायचा, बाकी उडवायचे. मोठ्या कंपन्यांत पहिलं हेच करत्यात.” इमामभाईंना मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी पडायचं नव्हतं. त्यांनी तरन्नुमला न विचारता, एक व्हिडिओ बघून, ती ओळ स्वतः लिहिली. पहिलीच ओळ आपल्या अकलेची. ती लिहून झाल्यावर त्यांनी समीनाबींना मोठ्यानं वाचून दाखवली.

मग टेस्ट. एक हजार सातशे त्र्याऐंशी. लाल. त्रेसष्ट नोंदी कमी.

इमामभाईंच्या हिशेबात आयुष्यात कधी पाण्याचा एक इंच कमी आला नव्हता, आणि इथं त्रेसष्ट माणसं गायब. त्यांनी पानं पुन्हा वाचली, आकडा पुन्हा तपासला. आपल्या स्वतःच्या ओळीवर त्यांचा अर्थातच संशय गेला नाही. साइट बंद व्हायला चार दिवस होते. इमारतीत ही वार्ता गेली आणि आप्पासो वर आले.

“त्रेसष्ट म्हणजे किती? शंभराला साडेतीनसुद्धा न्हाईत. आमी पिकाची आणेवारी काढताना एवढ्यात दोन गावं धरायचो न्हाई. सोडून द्या.”

“त्या गावांनी काय केलं?”

“अर्ज केले. आजून चालू हायत.”

इमामभाईंनी सोडून दिलं नाही. त्यांनी एक यादी केली, नोंदवहीत नेहमी लिहिणाऱ्यांची, आणि एकेकाच्या नोंदी मोजायला बसले. समीनाबी शेजारी बसून पत्रिकांना हळद लावत होत्या, त्यांच्या माहेरी तसं करतात. त्यांनी यादीकडं डोकावून पाहिलं.

“एवढ्या लोकात पयलं नाव कोळेकरांचं?”

“क ची बाराखडी आधी येती.”

“आन् मग अ चं नाव तिसरं कसं?”

इमामभाईंनी धुळा कोळेकर हे नाव शोधलं. एक नोंद. फक्त एक. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, तरन्नुमच्या लग्नानंतर सतरा दिवसांची. गाव: आटपाडी. मजकूर: ‘धक्का जाणवला. आमी बरे हाय.’

धुळाच्या नोंदी पडतात हे इमामभाईंना माहीत होतं. दर धक्क्याला पडायच्या. बाकी सगळे धक्का रंगवून सांगायचे, हा एकच माणूस दर वेळी तेच पाच शब्द लिहायचा. ‘नोंदवहीत लिहितो, मला कुठं लिहितो,’ असं मनाशी म्हणून इमामभाई पुढच्या नोंदीवर जायचे. आता मात्र त्यांनी आपल्या अकलेची ती एक ओळ खोडली आणि बटण दाबलं. एक हजार आठशे सेहेचाळीस. हिरवं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट धुळाच्या. त्याचं एकच वाक्य चौसष्ट वेळा आलेलं बघून मशीननं त्याला बटण दोनदा दाबणारा माणूस समजलं होतं.

“झालं एकदाचं,” समीनाबी म्हणाल्या. “चहा टाकू?”

पण इमामभाई हलले नाहीत. टेस्ट हिरवी झाली तरी पार्सरनं खाली एक पिवळी सूचना दिली होती: चौसष्ट ठिकाणी ‘उत्तर’ हा रकाना रिकामा. हा पुन्हा काहीतरी बिघाड, असं म्हणत त्यांनी धुळाच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. तारीख, रिश्टर, नाव, गाव, मजकूर, उत्तर. बाकी एकूण एक नोंदींसमोर इमामभाईंचं काही ना काही होतं, ‘धन्यवाद’, ‘काळजी घ्या’, ‘सासूबाईंना सलाम सांगा.’ या चौसष्ट ओळींसमोर काही नव्हतं. पार्सरनं काही गाळलं नव्हतं. तिथं मुळात कुणी काही लिहिलंच नव्हतं.

ते बघत असतानाच त्यांची नजर रिश्टरच्या रकान्यावर गेली, सवयीनं. तीन पूर्णांक एक. दोन पूर्णांक नऊ. तीन. दोन पूर्णांक आठ. कोयनेच्या माणसाला आकड्यावरून धक्क्याची पोच कळते. दोन पूर्णांक नऊचा धक्का पाटणच्या पुढं जात नाही. कराडला एखाद्याला झोपेत जाणवला तर जाणवला. आटपाडी कोयनेपासून सव्वाशे किलोमीटर आहे.

“समीना,” इमामभाई म्हणाले.

“आं?”

“ह्याला जाणवत कसा होता?”

समीनाबींनी हळदीचं बोट पदराला पुसलं, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत सगळा रकाना सावकाश वाचला. ‘धक्का जाणवला. आमी बरे हाय. धक्का जाणवला. आमी बरे हाय.’

“जाणवत न्हवताच,” त्या म्हणाल्या. “पेपरात वाचून लिवत व्हते भावजी. भिंत न्हाई ना तिकडं.”

चौसष्ट वेळा पलीकडून थापा पडल्या होत्या आणि चौसष्ट वेळा इमामभाई अलीकडं गप्प बसले होते, चष्मा पुसत, आकडा मोजत. बावीस वर्षांत एकदाही न चुकलेली गोष्ट त्यांनी नऊ वर्षं चुकवली होती, आणि तीही आपला हिशेब कधी चुकत नाही या तोऱ्यात. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

त्यांनी लगेच साइट उघडली आणि धुळाच्या शेवटच्या नोंदीसमोर उत्तराच्या चौकटीत ‘आम्हीपण’ एवढं लिहून बटण दाबलं. साइट म्हणाली, बंद करण्याच्या प्रक्रियेमुळे ही सुविधा आता उपलब्ध नाही. फोन करावा, तर ज्याच्याशी बोलणं फोनच्याही अंतरावर राहिलं नव्हतं त्याला पहिला शब्द काय म्हणायचा, आणि दुसऱ्यांदा लांबूनच आवतण दिलं तर पुढची नऊ वर्षं कोण मोजणार. इमामभाई उठले. फ्रीजवरून पत्रिका काढली, तिच्यावर नाव घातलं: ‘श्री. धुळा व सौ. बनाबाई कोळेकर, सहकुटुंब.’ तानाजीला सांगून त्या चौसष्ट ओळींचा कागद छापून घेतला. आप्पासोंना जिन्यात कळलं, तेव्हा त्यांनी तीन प्रती काढायला लावल्या.

विट्याला एस्टी बदलून, आटपाडीला दुसरी बदलून, पुढं वडापच्या जीपमध्ये चौदा माणसं आणि एक करडू यांच्यामध्ये बसून इमामभाई आणि समीनाबी दुपारी वाडीवर पोचले. बाभळीखाली मेंढरं बसली होती. बनाबाई अंगणात जोंधळा पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली, सूप खाली ठेवलं आणि समीनाबींना आधी मिठीत घेतलं.

“कवा निघालाय? पाणी घ्या आदी,” बनाबाई म्हणाल्या. मग आवाज बारीक केला. “आत हाईत. टीवी बघत्यात.”

“वहिनी, त्यो साइटवर लिवायचा, त्ये कुठनं?” इमामभाईंनी विचारलं.

“आटपाडीसनं, आवं. सेवा केंद्रात. पेपरात तुमच्याकडल्या भूकंपाचं आलं की धोतार बदलून यष्टीला हुभं. त्या केंद्रातल्या माणसाला म्हणायचं, मागल्या खेपला लिवलं त्येच लिव. मी म्हनायची, आवं, फोन लावा की सरळ. तर म्हनायचं, फोन त्यानं लावायचा. मी थाप मारली की झालं.”

इमामभाईंनी पिशवीतून पत्रिका काढून हातात धरली. दार उघडंच होतं, आतून कुस्तीच्या मैदानाची हलगी ऐकू येत होती. पण दारातून सरळ आत जाणं त्यांना जमेना. ते घराच्या बाजूला गेले, खाटेची जागा जिथं असावी असं वाटलं तिथं उभे राहिले, आणि बाहेरून भिंतीवर दोन थापा मारल्या.

आतली हलगी बंद झाली.

बनाबाई आणि समीनाबी अंगणात तशाच उभ्या. इमामभाईंना वाटलं, पुन्हा माराव्यात की काय. पण एकदा मारल्यावर दुसऱ्यांदा मारायची पद्धत नव्हती, आणि पद्धत मोडायला ते आले नव्हते. ते हात भिंतीला टेकवून उभे राहिले. माती उन्हानं तापली होती.

मग आतून, अगदी त्यांच्या तळव्याच्या समोरच, दोन थापा पडल्या. आणि पाठोपाठ धुळाचा आवाज आला, नऊ वर्षांनी, जरा बसलेला, पण तोच.

“ये आत. लय उशिरा जाणवला गड्या तुला.”